रेकॉर्डिंग ऐकलं, आवडलं... आता चार जणांत सांगायचं कसं?

आधीच सांगतो, मला गाता येत नाही, पेटीवर सा सुद्धा शोधत शोधत सापडतो. तानसेन व्हायचं जमलं नाही म्हणून कानसेन झालो, त्यातला मी. पण गेली बरीच वर्षं जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकतोय आणि ऐकणाऱ्या लोकांच्यात बसतोय, आणि नवीन आलेली मंडळी एका ठिकाणी हमखास अडतात ते बघतोय. ऐकतात मनापासून, आवडतं पण, आणि मग कोणी विचारलं की "काय आवडलं?" की गाडी "अप्रतिम, स्वर्गीय, शब्दच नाहीत" इथे येऊन थांबते. आता शब्दच नाहीत म्हटल्यावर समोरचा तरी काय बोलणार, तो पण "खरंय" म्हणतो आणि विषय संपतो.

गाण्याच्या मंडळींत "जागा" हा एक फार कामाचा शब्द आहे, म्हणजे गाण्यातलं ते नेमकं ठिकाण जिथे गाणारा काहीतरी खास करून जातो. "काय जागा घेतली!" म्हणतात ना, ते. मला विचाराल तर अभिप्राय देणं म्हणजे दुसरं काही नाही, ती जागा समोरच्याला सापडेल अशी दाखवून देणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. ते कसं करायचं ते मला जमतंय तसं पायरी पायरीने लिहितो. हे सगळं हिंदुस्थानी संगीताबद्दल आणि जास्त करून गायकीबद्दल आहे, कारण मला तेवढंच कळतं.

पायरी १: सुरुवात तीन मिनिटांनी करा

नवीन माणूस उत्साहात दीड तासाची मैफल घेऊन बसतो आणि विसाव्या मिनिटाला त्याचं मन भाजी आणायला जातं. त्यापेक्षा ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या घ्या, एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली "पिया बिन नाही आवत चैन" घ्या, नाहीतर भैरवीतली "जमुना के तीर". किंवा केसरबाई केरकरांची "जात कहाँ हो" ही भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या तबकडीवर अवकाशात गेली (तिथे ती कोणी ऐकली तर "काय आवडलं?" हा प्रश्न त्यांना पण पडेलच). तीन मिनिटांची गोष्ट दिवसात दहा वेळा ऐकता येते आणि पूर्ण डोक्यात मावते, हा फायदा मोठा आहे.

पायरी २: रेकॉर्डिंगची जात ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग तोंडघशी पडतात. मी पडलोय म्हणून इथे जरा जास्त बोलतो.

आपण ऐकतोय ते तबकडीवरचं आहे, एलपीवरचं (नंतर आलेली, जास्त वेळ चालणारी तबकडी) आहे, रेडिओचं आहे, की कोणाच्या घरच्या मैफलीत टेपवर घेतलेलं, हे आधी बघायचं. कारण त्यावर गाणं बदलतं. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचं रेकॉर्डिंग १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं आणि त्यात गौहर जान गायल्या. त्या काळच्या त्यांच्या रेकॉर्ड्सच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसाला लेबल कोणाचं लावायचं ते कळायला हवं. नवीन माणसाला ते ऐकून हसू येतं, पण कारण कळलं की तोच भाग आवडायला लागतो. तेव्हा माइक नव्हता, भोंग्यात तोंड घालून गावं लागायचं, विजेवर चालणारं रेकॉर्डिंग १९२५ नंतर आलं. त्यामुळे त्याच्या आधीच्या रेकॉर्डबद्दल "तानपुरा ऐकूच येत नाही, आवाज चिरका वाटतो" असं लिहिलंत तर तो दोष गाणाऱ्याच्या खात्यावर टाकू नका. तसंच "तीन मिनिटांत कसली बढत (म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं), घाई घाई केलीये" हे पण नको, वेळच तेवढा होता. एलपी आल्यावर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली, तेव्हा कुठे बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मोठं गाणं, जरा पाय पसरून बसला. आणि घरच्या मैफलीच्या टेपवर तर पहिला आलाप कापलेला असतो, मध्येच कॅसेटची बाजू बदललेली असते, आणि कोणीतरी अगदी समेवर (तालाच्या आवर्तनाची, म्हणजे एका फेरीची पहिली मात्रा) खोकतं.

आता माझी फजिती. एका जुन्या गवयाच्या दोन रेकॉर्ड्स मी पाठोपाठ ऐकल्या, एकात सूर पेटीवरच्या काळी एकच्या आसपास आणि दुसऱ्यात थेट पांढरी दोन, म्हणजे त्याच्या वरची पट्टी. मी लगेच एक मोठा परिच्छेद लिहिला की तरुणपणी बुवा वरच्या पट्टीत गायचे, मग आवाज कसा उतरत गेला वगैरे, आणि मोठ्या रुबाबात चार जणांना पाठवला. त्यातल्या एका काकांनी एवढंच विचारलं, "स्पीड बघितलास का रे?" झालं! तबकडीवरून कॉपी करताना स्पीड साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने वर जातो, म्हणजे काळी एकची पांढरी दोन होते. बुवा बिचारे आपल्या पट्टीतच गात होते, पळत होती ती तबकडी. आवाज थोडा बारीक, ताना अंमळ जास्तच चपळ आणि शब्द घाईत वाटले की आता मी आधी स्पीडवर संशय घेतो, मग गवयावर.

पायरी ३: तीनदा ऐका, आणि तीन वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा नुसतं ऐका, हातात पेन नको, मोबाइल नको. दुसऱ्यांदा पेन घ्या आणि अंगावर काटा आला, कंटाळा आला, हसू आलं, दचकलो, काहीही झालं की फक्त मिनिट-सेकंद लिहा. कारण लिहू नका, कारण शोधत बसलात की पुढचं ऐकायचं राहतं. तिसऱ्यांदा गवयाकडे लक्षच द्यायचं नाही, फक्त तबला आणि साथ ऐकायची. हे तिसरं ऐकणं बऱ्याच जणांना वेडेपणा वाटतो, पण तुमच्या वहीतल्या निम्म्या टायमिंगची कारणं तिथेच सापडतात, कारण बऱ्याचदा तुम्हाला आवडलेलं असतं ते समेवर येणं, आणि तुम्हाला वाटत असतं की आवाज आवडला.

सम सापडत नाही ही नवीन लोकांची ठरलेली तक्रार. तीनतालात १६ मात्रा असतात आणि नवव्या मात्रेला खाली, तिथे डग्ग्याचा घुमारा हळूहळू गायब होतो आणि "तिं तिं ता" असं कोरडं कोरडं ऐकू येतं, मग शेवटी शेवटी घुमारा परत भरतो आणि लगेच सम. तो घुमारा गेला कधी आणि आला कधी एवढंच धरून बसा. विलंबित, म्हणजे संथ, एकताल जास्त त्रास देतो कारण मात्रा १२ असल्या तरी एक आवर्तन पाऊण-एक मिनिट पण चालू शकतं. तिथे "तिरकिट" ऐका. ते एका आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर येतं "तू ना", दुसऱ्यानंतर "धी ना", आणि त्या धी ना नंतर सम. म्हणजे दुसरं तिरकिट वाजलं की सावरून बसायचं, गाणारा मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घ्यायला वळलेला असतो. हे एकदा कळलं की पुढे आयुष्यभर मान आपोआप हलते, थांबवता येत नाही, बसमध्ये लोक बघतात.

पायरी ४: आता लिहा, पण जागेपासून सुरुवात करा

माझ्या वहीतलीच दोन उदाहरणं देतो. एका घरगुती मैफलीचं रेकॉर्डिंग, गाणाऱ्या बाई, राग बागेश्री, विलंबित एकताल. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं: "बागेश्री अप्रतिम. काय तो सूर. रात्री ऐकावं." बास. आज ते वाचून मला स्वतःलाच काही आठवत नाही की मी नक्की काय ऐकलं होतं.

नंतर परत ऐकून लिहिलं ते असं: "११:४० च्या आसपास बाई मध्यमावर येऊन थांबतात. पेटीवाल्याला वाटलं आता धैवतावर जाणार, तो पुढे जाऊन पोचला सुद्धा. बाई तिथेच. तो गपचूप परत मध्यमावर आला. मग बाई अगदी सावकाश म ध नी ध करून पुन्हा मध्यमावर उतरल्या आणि मागे कोणीतरी 'अहाहा' नाही, 'अगंबाई' म्हणालं."

दुसऱ्या नोंदीत मी एक पण विशेषण वापरलेलं नाही बघा. पण वाचणारा उठून ते रेकॉर्डिंग लावेल, आणि मध्यम (म) हा बागेश्रीचा वादी, म्हणजे मुख्य स्वर आहे, सगळा राग त्या मध्यमाभोवती फिरतो, हे त्याला कोणी न सांगता कानाने कळेल. हाच फरक.

आणि "मला शास्त्र कळत नाही, मी काय बोलू" हे तर डोक्यातून काढूनच टाका. एका नवीन मुलीला उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती एलपी ऐकायला दिली होती, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा ऐकून ती म्हणाली, "मला सारखी तहान लागल्यासारखं होत होतं, पाणी समोर आहे पण कोणी देत नाहीये." तिला राग माहीत नव्हता, काहीच माहीत नव्हतं. पण मारव्यात नेमकं हेच तर असतं, पंचम (प) नाहीच, कोमल रिषभ (रे) आणि धैवतावर (ध) मुक्काम, आणि षड्ज (सा), जो आपला घरचा स्वर, तो गाणारा टाळत टाळत जातो, दाखवतो आणि देत नाही. तीस वर्षं ऐकणारे तिथे "संधिप्रकाश रागाची हुरहुर" वगैरे लिहितात, तिने तहान म्हटलं. मला तिचं जास्त पटलं. फक्त तिला आम्ही एक विचारलं की तहान सगळ्यात जास्त कुठे लागली, आणि मग तिने परत ऐकून मिनिट सांगितलं. तेवढं केलं की नुसतं "मला असं वाटलं" चं बोलण्यासारखं काहीतरी होतं.

शब्दांबद्दल थोडं. मींड, गमक, खटका, बोल-ताना, बढत, लगाव हे शब्द हळूहळू येतात, घाई करू नका. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हा शब्द लवकर वापरायला हरकत नाही कारण तो कानाला लगेच कळतो. आवाजाचा लगाव म्हणजे गाणारा स्वराला कसा हात घालतो, हळूच टेकतो की ठाशीव लावतो, हे पण जमेल. "तयारी" हा शब्द मात्र जपून, कारण जाणकार लोक कधी कधी "तयारी चांगली आहे" असं म्हणून बाकी काही नाहीये हे सुचवत असतात! खात्री नसेल तर साध्या मराठीत सांगा, "इथे आवाज जिना उतरल्यासारखा खाली येतो" हे कोणालाही कळतं आणि चुकत पण नाही.

पायरी ५: राग ठासून सांगू नका, विचारा

लेबलवर लिहिलेला राग चुकीचा असणं हे नेहमीचं आहे, इंटरनेटवर तर विचारूच नका. पण म्हणून लगेच "हा भूप नाही, देशकार आहे" असं छातीठोकपणे फेकू नका. दोन्हीत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात वजन गंधारावर (ग), देशकारात धैवतावर, आणि देशकार वरच्या अंगाला जास्त रमतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. आणि शुद्ध कल्याण अजून तिसराच, चढताना भूपासारखा आणि उतरताना निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून हळूच शिवून जाणारा. मारवा, पुरिया आणि सोहनी यांचं पण तसंच, स्वर तेच, वागणूक वेगळी. त्यामुळे लिहायचं असं: "लेबलवर भूप आहे, पण मला गाणारा सारखा धैवतावर थांबताना ऐकू येतोय, ४ मिनिटांनंतर विशेष, देशकार असू शकतो का?" यात तुम्ही चुकलात तरी काही बिघडत नाही, कोणीतरी नीट समजावून सांगतं. ठासून सांगून चुकलात तर तीच गोष्ट पुढची पाच वर्षं चहाबरोबर निघते.

एकच भूप कानात मुरवायचा असेल तर किशोरीताई आमोणकरांचा घ्या, "प्रथम सूर साधे" आणि पाठोपाठ "सहेला रे". तो आठ-दहा वेळा ऐकला की गंधार म्हणजे काय प्रकरण आहे ते डोक्यात बसतं.

पायरी ६: तुलना करा, कुस्ती नको

एकच राग दोघांचा ऐकून लिहिणं हा उत्तम अभ्यास. पण त्याचं फार पटकन "आमचे बुवा आणि तुमचे बुवा" होतं. घराण्यांची भांडणं मला पण आवडतात, खोटं कशाला बोलू, पण ती समोरासमोर बसून, लिहून नाही. लिहिताना दोघांनी एकाच ठिकाणी काय वेगळं केलं तेवढं सांगा. एकाने अंतऱ्याला (बंदिशीच्या दुसऱ्या भागात) तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, किती वेळ घेतला, दुसऱ्याने किती. एकजण बंदिशीचे शब्द खेळवतो, दुसरा शब्द सोडून नुसत्या "आ"कारातच जातो. संपलं.

आणि नावडलं तर नावडलं लिहा, मोठं नाव आहे म्हणून घाबरू नका, फक्त त्याच्या आधी थोडी माहिती काढा. कुमार गंधर्व पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण म्हणतात की हे तुकड्या-तुकड्यांत का गातात, लांब दमाचं का नाही. मग कळतं की क्षयामुळे काही वर्षं त्यांचं गाणं पूर्ण बंद होतं, देवासला पडून होते. हे कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि त्यांची प्रत्येक गोष्ट आजारावर ढकलतात, ते पण चूकच, कारण तो छोटा तुकडा ते जिथे ठेवतात ती जागा फुफ्फुसाने ठरवलेली नसते, डोक्याने ठरवलेली असते. तेव्हा माहिती घ्या, पण मग परत कानाकडे या.

दुसऱ्याने लिहिलेलं आलं की आधी ते रेकॉर्डिंग त्याने सांगितलेल्या जागी ऐका, मग बोला. एवढं पाळणारे फार कमी आहेत. आणि तुम्हाला तिथे काहीच ऐकू आलं नाही तर तसं सांगा, "मला नाही सापडलं, नक्की कुठल्या शब्दावर?" यात कमीपणा नाही.

रेकॉर्डिंग पुढे पाठवण्याबद्दल

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे खूप जुन्या तबकड्यांचं ओझं नाही. त्यानंतरचं जे विकत किंवा ॲपवर मिळतं त्याची फाइल फिरवण्यापेक्षा कुठे मिळेल ते सांगा. घरच्या मैफलींचं मात्र नाजूक असतं. ती कधी प्रकाशितच झालेली नसतात, कोणीतरी विश्वासाने दिलेली असतात, आणि कधी कधी कलाकाराचा आवाज त्या दिवशी बसलेला असतो. ज्याने दिलं त्याला विचारल्याशिवाय पुढे सरकवू नका, एकदा गेलं की गेलं. मी एकदा न विचारता पाठवलं होतं, आणि ज्यांनी दिलं होतं त्यांना ते तिसऱ्याच माणसाकडून परत मिळालं. बोलले काही नाहीत, पण नंतर काही दिलं पण नाही.

शेवटचं राहिलं ते टायमिंगचं. नुसतं मिनिट-सेकंद देऊन भागत नाही, कारण एकाच रेकॉर्डिंगच्या कॉप्या वेगवेगळ्या असतात, एकात सुरुवातीला निवेदन असतं, एकात कापलेलं असतं, एकाचा स्पीडच वेगळा. त्या बागेश्रीचं ११:४० मी एकांना सांगितलं आणि त्यांच्या कॉपीत तिथे नुसती तान चालू होती, दोन दिवस आम्ही एकमेकांना बहिरे समजत होतो. तेव्हापासून मी टायमिंगच्या शेजारी बंदिशीचा शब्द पण लिहितो, आणि मुखडा कितव्यांदा आलाय ते पण.